काळी खिडकी, भाग ८ : चिपळूण सापडते, चिपळुणात हुकते

गेल्या शनिवारी आपण पाइप पाहिला. एका आज्ञेतून बाहेर पडलेला मजकूर उभ्या रेघेतून थेट दुसऱ्या आज्ञेत कसा जातो, ते करून बघितले. तेव्हाची सगळी उदाहरणे इंग्रजी मजकुराची होती, आणि पुस्तकांतही तसेच असते. महाराष्ट्रातल्या एका पिढीने नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘युनिक्स शेल प्रोग्रॅमिंग’वर शेलचा श्रीगणेशा केला. आता आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठी आवाजात ऐकायला मिळतात. पण आवाज मराठी असला तरी पडद्यावरची फाइल इंग्रजीच राहते. रत्नागिरीतला तंत्रनिकेतनाचा किंवा अभियांत्रिकीचा विद्यार्थी ग्रेप, सेड, ऑक यांची प्रात्यक्षिके जर्नलमध्ये उतरवून सह्या घेतो, परीक्षेतही लिहितो. मग कधीतरी त्याच आज्ञा घरच्या मराठी फाइलवर चालवतो आणि निकाल चुकलेला पाहून आज्ञेलाच नावे ठेवतो. आजचा भाग त्या चुकलेल्या निकालांचा.

(आज्ञा छापताना देवनागरीत लिहायच्या, हा या लेखमालेचा रिवाज. टर्मिनलवर त्या नेहमीप्रमाणे इंग्रजी लहान अक्षरांतच द्यायच्या.)

समजा तुमच्याकडे दोन फाइली आहेत. एकीचे नाव ‘पाऊस’. रत्नागिरी जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांची नोंदवही, रोज दर तालुक्याला एक ओळ: तारीख, तालुका, मिलिमीटर, मध्ये एकेक मोकळी जागा. दुसरीचे नाव ‘नोंदी’. तिच्यात पावसाळ्यातल्या बातम्या तुम्ही वर्षानुवर्षे टिपून ठेवल्यात, बातमीला एक ओळ. फाइलीला मराठी नाव चालते का? बेलाशक चालते. युनिक्सला नावात फक्त तिरपी रेघ आणि शून्य किमतीचा बाइट वर्ज्य आहे, बाकी कशालाही तो हरकत घेत नाही.

आता ‘नोंदी’त चिपळूण शोधा: ग्रेप, मग चिपळूण, मग फाइलीचे नाव. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी शहरात घुसले, तेव्हाच्या ओळी तरी ढिगाने असणार. निकाल येतो, पण तुम्हाला आठवतात तितक्या ओळी येत नाहीत. कारण तुम्ही लिहिताना ‘चिपळुणात पाणी शिरले’, ‘चिपळुणातून गाड्या सोडल्या’ असे लिहिले. प्रत्यय लागला की दीर्घ ऊकार ऱ्हस्व होतो, आणि ग्रेपला व्याकरण येत नाही. त्याच्या लेखी ळू आणि ळु हा फरक क आणि ख इतकाच मोठा. राजापूरचे राजापुरात होते, तिथेही हीच गत. लांजा तर आणखी वेगळा: लांज्यात. रत्नागिरी, खेड, दापोली, गुहागर, मंडणगड, संगमेश्वर मात्र प्रत्यय लागला तरी जागच्या जागी राहतात, त्यामुळे त्यांच्या शोधात काही हुकत नाही. गोंधळ वाढतो तो यामुळेच. नऊपैकी सहा तालुके नीट सापडले की उरलेल्या तिघांचा संशय कोणाला येणार?

उपाय सोपा आहे. ग्रेपच्या नमुन्यात टिंब दिले की त्या जागी कुठलेही एक अक्षर चालते. म्हणून ‘चिपळ’, टिंब, ‘ण’ असा शोध दिला की चिपळूण आणि चिपळुणात दोन्ही हाती लागतात. ‘राजाप’, टिंब, ‘र’ हेही तसेच. लांज्यासाठी ‘लांज’ एवढेच शोधावे. मराठीत शोधताना शेवट तोडून मूळ तेवढे द्यायचे, ही सवय एकदा लागली की ग्रेप खूप काम करतो.

पण टिंबाने ‘एक अक्षर’ म्हणजे नक्की काय ओळखले? ते बघायला मोजणीची आज्ञा घेऊ, डब्ल्यूसी. ‘रत्नागिरी’ हा शब्द प्रिंटएफने छापून पाइपने तिच्याकडे द्या. डोळ्यांना चार अक्षरे दिसतात: र, त्ना, गि, री. ‘वजा एम’ दिले तर उत्तर येते ९. ‘वजा सी’ दिले तर २७. तिन्ही उत्तरे बरोबर आहेत. युनिकोडमध्ये र, त, हलन्त, न, काना, ग, वेलांटी, र, दुसरी वेलांटी असे नऊ वेगवेगळे क्रमांक आहेत, आणि देवनागरीतला प्रत्येक क्रमांक साठवायला यूटीएफ-८ला तीन बाइट लागतात. (प्रिंटएफऐवजी एको वापराल तर दोन्ही आकड्यांत एकाची भर पडेल. ओळ संपल्याचा न दिसणारा बाइट एको आपणहून जोडतो.)

यूटीएफ-८ ही युनिक्सवाल्यांनीच केलेली तजवीज. सप्टेंबर १९९२ मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, टेबलावरच्या कागदी चटईवर तिचा आराखडा मांडला. त्यातली हुशारी अशी की एका अक्षराचे बाइट दुसऱ्या अक्षराच्या पोटात कधीच सापडत नाहीत. म्हणून सत्तरच्या दशकात इंग्रजीपुरती लिहिलेली ग्रेपसारखी आज्ञा, मराठी म्हणजे काय हे ठाऊक नसतानाही, ‘रत्नागिरी’ अचूक शोधू शकते. टिंब मात्र तेवढे भाबडे नाही. यंत्राचे लोकॅल, म्हणजे भाषा आणि अक्षरांची ठरवून दिलेली मांडणी, यूटीएफ-८चे असेल तर टिंब म्हणजे एक क्रमांक. लोकॅल नुसते ‘सी’ असेल, आणि भाड्याच्या सर्व्हरवर ते पुष्कळदा तसेच असते, तर टिंब म्हणजे एक बाइट. मग ऊकाराचे तीन बाइट एका टिंबात मावत नाहीत आणि चिपळूणही सापडत नाही. म्हणून मराठी फाइलीवर काम सुरू करण्याआधी ‘लोकॅल’ ही आज्ञा एकदा देऊन बघावी. शब्दकोडी रचणाऱ्यांसाठी वाईट बातमी: तीन टिंबे देऊन तीन अक्षरी मराठी शब्द मिळत नाहीत. ‘कमळ’ मिळेल, ‘पाऊस’ मिळणार नाही, त्याला चार लागतात.

याहून फसवा प्रकार जुळ्यांचा. ‘वाऱ्यामुळे’, ‘किनाऱ्यावर’, ‘दुसऱ्या’ हे शब्द कोकणातल्या पावसाच्या नोंदींत पावलोपावली. यातला ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका तऱ्हेत खाली नुक्ता असलेला स्वतंत्र र आणि हलन्त. दुसरीत साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह, ज्याची रुंदी शून्य. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. ग्रेपला एक सापडतो, दुसरा नाही. ‘ॲप’मधल्या पहिल्या अक्षराचेही तेच. त्याला स्वतःचा क्रमांक मिळाला २००८ मध्ये, युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत, त्याआधीचे लोक अ आणि वर चंद्र असे दोन तुकडे जोडत, आणि काही कळफलक अजूनही तसेच जोडतात. फाइल एकाच माणसाने एकाच यंत्रावर लिहिली असेल तर फिकीर नको. पण चार जणांनी मोबाइलवरून पाठवलेला मजकूर एकत्र केलात तर जुळे येणारच. संशय आला की तो शब्द ‘डब्ल्यूसी वजा एम’ला द्या. ‘वाऱ्या’ एका तऱ्हेने ६ भरतो, दुसऱ्या तऱ्हेने ७. त्याहून खोल जायचे तर ओडी ही आज्ञा आहे, युनिक्सच्या १९७१ च्या पहिल्या आवृत्तीपासूनची. ती एकेक बाइट उघडा करून दाखवते. आणि सापडले की सेडने, म्हणजे मजकुरात अदलाबदल करणाऱ्या आज्ञेने, सगळे जुळे एका रूपात आणून मगच शोधाला लागावे. माझे मत विचाराल तर ही साफसफाई आधी, बाकी सगळे नंतर.

आता ‘पाऊस’कडे. प्रत्येक तालुक्याची बेरीज हवी आहे, आणि हे काम ऑकचे. अल्फ्रेड आहो, पीटर वाइनबर्गर आणि ब्रायन कर्निगन यांनी १९७७ मध्ये ते लिहिले. ऑक ओळीचे मोकळ्या जागेवर तुकडे करतो. दुसरा तुकडा तालुका, तिसरा मिलिमीटर. तालुक्याच्या नावाने एकेक खाते उघडायचे, त्यात तिसरा तुकडा मिळवत जायचे, आणि फाइल संपली की सगळी खाती छापायची. अख्खा कार्यक्रम एका ओळीत मावतो. खात्याला ‘संगमेश्वर’ असे मराठी नाव असले तरी ऑकची काही तक्रार नसते.

कार्यक्रम चालतो, नऊ नावे येतात आणि प्रत्येकासमोर शून्य. कोकणात, जुलैत! कारण तुम्ही मिलिमीटर देवनागरी आकड्यांत लिहिले. ऑकला ‘१२०’ हा आकडा दिसत नाही, नुसती तीन चिन्हे दिसतात, आणि जो आकडा नाही त्याची किंमत तो शून्य धरतो. चूक दाखवत नाही, कुरकुरत नाही. क्रम लावणाऱ्या सॉर्टचे ‘वजा एन’ही हेच करते. यावर पुष्कळांना टीआर आठवतो, एका अक्षराच्या जागी दुसरे घालणारी आज्ञा. इथे तो वापरू नका. लिनक्सवरचा नेहमीचा, ग्नूचा टीआर एकेका बाइटवर चालतो आणि तीन बाइटांच्या आकड्याचे तुकडे करून टाकतो. सेडमधली ‘वाय’ ही सूचना मात्र यूटीएफ-८ लोकॅलमध्ये अख्खी अक्षरे ओळखते: एका बाजूला ०१२३४५६७८९, दुसऱ्या बाजूला त्याच क्रमाने इंग्रजी आकडे. सेडमधून पाइपने ऑककडे, आणि बेरीज येते. छापायच्या वेळी हीच सूचना उलटी देऊन आकडे पुन्हा देवनागरी करता येतात. हिशेबाच्या फाइलीत इंग्रजी आकडे आणि वाचायच्या कागदावर मराठी, अशी वाटणी मला तरी सोयीची वाटते. मराठीचा अभिमान बेरजेत आणून उपयोग नाही.

ऑकबद्दल आणखी एक. डेबियनवर ऑक म्हणून बहुधा मॉक हा छोटा भाऊ बसवलेला असतो. त्याला ‘रत्नागिरी’ची लांबी विचारली तर तो २७ सांगतो, ग्नूचा गॉक ९. खुद्द कर्निगन यांनी आपल्या मूळ ऑकला यूटीएफ-८ शिकवले ते २०२२ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी.

क्रमवारीचा विषय थोडक्यात उरकतो. तालुके सॉर्टला दिले तर खेड, गुहागर, चिपळूण, दापोली, मंडणगड, रत्नागिरी, राजापूर, लांजा, संगमेश्वर असा क्रम येतो, आणि तो आपल्या वर्णमालेलाही मान्य आहे. आता रत्नागिरीजवळची दोन गावे द्या: काळबादेवी आणि कासारवेली. ‘सी’ लोकॅलमध्ये काळबादेवी आधी येते, कारण युनिकोडने ळचा क्रमांक लच्या लगेच पुढे ठेवला आहे. आपल्या वर्णमालेत ळ हच्या मागून येतो, म्हणून मराठी यादीत कासारवेली आधी हवी. मतदारयादी किंवा ग्रंथसूची करणाऱ्याने हे तपासल्याशिवाय छापायला देऊ नये.

मजकुराचीच इतकी अवजारे युनिक्समध्ये का, याला इतिहास आहे. १९७१ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये थॉम्पसन, डेनिस रिची आणि मंडळींनी नवे यंत्र पदरात पाडून घेतले ते मजकूर तयार करण्याची व्यवस्था देतो असे सांगून. आणि सुरुवातीच्या वापरकर्त्यांत पेटंट विभागातले टंकलेखक होते. प्रोग्रॅमरांइतकीच ही कारकुनांची अवजारे आहेत. तालुक्याच्या कचेरीत ती शोभतात ती त्यामुळे.

राहिला संपादक, म्हणजे ही फाइल लिहायची कशात. नवशिक्याने नॅनो घ्यावा. नेहमीच्या सूचना तळाशी लिहिलेल्या असतात, आणि त्यात कमीपणा काही नाही. पण दूरच्या सर्व्हरवर काम करायचे असेल तर व्हीआय शिकाच. बिल जॉय यांनी तो १९७६ मध्ये बर्कलीत लिहायला घेतला, तेव्हा त्यांच्या घरचा मोडेम ३०० बॉडचा होता, म्हणजे सेकंदाला जेमतेम तीस अक्षरे. म्हणून व्हीआयच्या सूचना एकदोन अक्षरी आहेत आणि पडद्यावर तो गरजेपुरतेच हलवतो. पावसाळ्यात नेटवर्कची एकच काडी उरली आणि सर्व्हरवरची एक ओळ बदलायची असली की या काटकसरीची किंमत कळते.

मराठीसाठी त्यात एक अडचण आहे. व्हीआयमध्ये कर्सर खाली नेणारी कळ ‘जे’, वर नेणारी ‘के’. जॉय यांच्या एडीएम-३ए टर्मिनलवर बाण याच कळांवर रंगवलेले होते. इनस्क्रिप्ट कळफलक चालू असताना ‘जे’ दाबले की र उमटतो, ‘के’ दाबले की क. ओळ पुसायला ‘डीडी’ दाबाल तर व्हीआयकडे दोन हलन्त पोचतात आणि तो ढिम्म हलत नाही. दरवेळी कळफलक बदलत बसण्यापेक्षा विम या व्हीआयच्या नव्या अवतारातली ‘कीमॅप’ सोय वापरावी. मग मजकूर लिहितानाच कळा मराठी होतात, सूचना देताना इंग्रजीच राहतात. ईमॅक्स या दुसऱ्या संपादकात तर देवनागरी इनस्क्रिप्ट आणि इंग्रजी अक्षरांतून लिहायचे आयट्रान्स दोन्ही आतच बसवलेले आहेत, कंट्रोल आणि उलटी तिरपी रेघ दाबली की चालू, पुन्हा दाबली की बंद. मराठी पुष्कळ लिहायचे असेल तर माझे मत ईमॅक्सला. विमच्या भक्तांनी रागावू नये.

टर्मिनलात वेलांट्या सुटलेल्या, जोडाक्षरे फुटलेली दिसली तर फाइल ‘दुरुस्त’ करायला जाऊ नका. टर्मिनल प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीचा चौकोन देतो आणि देवनागरी त्या चौकोनांत बसत नाही. बिघडते ते फक्त चित्र. तीच फाइल केट किंवा गेडिटमध्ये उघडा, अक्षरे जागेवर दिसतील.

पुढच्या शनिवारी एसएसएच. तोवर ‘पाऊस’ फाइल स्वतः तयार करा, जूनचे आकडे देवनागरीत आणि जुलैचे इंग्रजीत मुद्दाम लिहा, आणि सेड-ऑकची साखळी न लावता आधी नुसत्या ऑकने बेरीज करून बघा. उत्तर शून्य येणार नाही, आणि बरोबरही येणार नाही.