पंप ज्याच्या पाठीवर, त्याचा हिशेब कुठे?

कापसावरील किडीचा विषय निघाला की बियाण्याची चर्चा होते, औषधाची होते, भावाची होते. पाठीवर पंप घेऊन शेतात उतरणाऱ्या माणसाची मात्र होत नाही. विदर्भात हा माणूस अनेकदा भूमिहीन मजूर असतो. आमच्या वस्तीतला, नाहीतर कोलामांच्या पोडावरचा.

२००२ साली केंद्राने बीटी कापसाला परवानगी दिली. २००६ साली बोलगार्ड-२ आले. बोंडअळीचा बंदोबस्त बियाणेच करील, फवारणीची गरज उरणार नाही, असा गाजावाजा झाला. सुरुवातीला फवारण्या कमी झाल्याही. पण गुलाबी बोंडअळी बीटीला सरावली आणि २०१७ च्या हंगामात तिने महाराष्ट्राचा कापूस पोखरला. ही अळी बोंडाच्या आत शिरून बसते. मग वरून कितीही फवारा, औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले.

कायदा नव्हता काय? होता. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत फवारणाऱ्याला संरक्षक कपडे देण्याची आणि दरवर्षी त्याची वैद्यकीय तपासणी करण्याची तरतूद आहे. आम्ही विचारतो, अशी तपासणी किती गावांनी पाहिली? गोपीनाथ मुंडे अपघात योजनेत विषबाधेने मृत्यू झाल्यास २ लाख रुपये मिळतात. पण ते खातेदार शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातील एका सदस्याला. ज्याच्या नावे गुंठाभर जमीन नाही, त्याचे मरण सातबाऱ्यावर चढत नाही!

आम्ही तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही. यंत्राने माणसाची पशुवत कष्टातून सुटका करावी, हीच बाबासाहेबांची भूमिका होती. आज असे तंत्र उपलब्ध आहे. मादी पतंगाच्या गंधाचे दोर झाडांना बांधले की हवेत तोच गंध पसरतो, नराला मादी सापडत नाही आणि अळीची पुढची पिढी घटते. ट्रायकोकार्डातून निघणारे मित्रकीटक बोंडअळीची अंडीच नष्ट करतात. यात कोणाला अंगावर विष घ्यावे लागत नाही. मात्र एकट्यादुकट्या शेतात हे साधत नाही; सलग शिवार धरावे लागते. अमेरिकेने बीटी वाण, वांझ केलेले पतंग आणि कामगंध यांचा एकत्र वापर करून २०१८ मध्ये आपला कापूस गुलाबी बोंडअळीमुक्त झाल्याचे जाहीर केले. तेथे शासन आणि उत्पादक एकत्र राबले. आपल्याकडे ज्याने त्याने आपले पाहायचे आणि शेवटी सारा भार मजुराच्या पाठीवर!

आता ड्रोन आले आहेत. पाठीवरचा पंप उतरेल, पण त्याबरोबर हातची रोजीही जाईल. २०२२ मध्ये केंद्राने अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना ड्रोनच्या किमतीच्या निम्मे, कमाल ५ लाख रुपये अनुदान ठरवले. ज्याच्याकडे जमीनच नाही, त्याने उरलेले लाखो रुपये कोठून आणायचे?

म्हणून आमची मागणी साधी आहे. गावोगाव फवारणी मजुरांची नोंद करा. त्यांना अपघात योजनेत घ्या. कामगंधाचे दोर व ट्रायकोकार्ड शासनाने संपूर्ण शिवाराला पुरवावेत. ड्रोन मजुरांच्या गटांच्या मालकीचे करावेत आणि ते चालवण्याचे प्रशिक्षणही त्यांनाच द्यावे. कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेत हे ठराव मांडावेत. पुढची फवारणी सुरू होण्याआधी हे झाले पाहिजे. नंतर फक्त पंचनामे उरतात.