कल्पित विश्वाचा मेळावा : दूरचित्रवाणी मालिकांची चाहता-संमेलने आणि कथेच्या मालकीचा प्रश्न
(नागपूरच्या सांस्कृतिक परंपरेच्या संदर्भात)

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात वेशभूषेची स्पर्धा ही जुनीच बाब आहे. पूर्वी या स्पर्धेत शिवकालीन मावळा, झाशीची राणी, वासुदेव अथवा एखादे पौराणिक पात्र दिसत असे. अलीकडे त्यांच्या शेजारी पुठ्ठ्याचे चिलखत घातलेला योद्धा किंवा ड्रॅगन पाळणारी राणीही उभी राहते. अशी पात्रे बहुधा अद्भुतरम्य दूरचित्रवाणी मालिकांतून आलेली असतात. परीक्षक असलेल्या प्राध्यापकांना ती अनेकदा ओळखू येत नाहीत आणि विद्यार्थ्याने आठवडाभर घेतलेले कष्ट 'टीव्हीचे वेड' या दोन शब्दांत निकालात निघतात.

या वेडाला जगभर एक संघटित रूप प्राप्त झाले आहे. ते रूप म्हणजे चाहता-संमेलन. ही संस्था कशी घडली, तेथे काय चालते, नागपूरच्या परंपरेशी तिचे साम्य कोठे व भेद कोठे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. चाहता-संमेलनाची कृती आपल्याला अपरिचित नाही. अपरिचित आहे ती त्यामागील मालकीची व्यवस्था, हे येथील मुख्य प्रतिपादन आहे.

चाहता-संमेलनाची घडण

समान वाचन असणाऱ्यांनी एकत्र यावे ही कल्पना मराठी समाजाला नवी नाही. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७८ साली पुण्यात ग्रंथकारांचे संमेलन भरले. त्या परंपरेतील ८० वे साहित्य संमेलन २००७ साली अरुण साधू यांच्या अध्यक्षतेखाली नागपुरात झाले. तथापि साहित्य संमेलनाच्या केंद्रस्थानी लेखक असतो आणि वाचक श्रोता म्हणून येतो. चाहता-संमेलनाचा आरंभ नेमका उलट दिशेने झाला.

१९३९ साली न्यूयॉर्क येथे विज्ञानकथांच्या वाचकांचे पहिले जागतिक संमेलन भरले. उपस्थिती सुमारे २०० होती. फॉरेस्ट अ‍ॅकरमन हे तेथे भविष्यकाळातील मानवाचा पोशाख घालून आले. तो पोशाख मर्टल डग्लस यांनी तयार केला होता. कथेतील विश्व अंगावर धारण करण्याची प्रथा येथून सुरू झाली असे सामान्यतः मानले जाते. आज सर्वत्र रूढ असलेला 'कॉसप्ले' हा शब्द मात्र १९८० च्या दशकात जपानमध्ये घडला.

दूरचित्रवाणीच्या संदर्भात 'स्टार ट्रेक' या मालिकेचे उदाहरण निर्णायक ठरले. १९६६ ते १९६९ या काळात प्रसारित झालेली ही मालिका दुसऱ्या वर्षानंतरच बंद पडण्याच्या मार्गावर होती. प्रेक्षकांनी पत्रांची मोहीम चालवली व तिला आणखी एक वर्ष मिळाले. मालिका संपून अडीच वर्षे लोटल्यावर, जानेवारी १९७२ मध्ये, चाहत्यांनी न्यूयॉर्क येथे संमेलन भरवले. आयोजकांची अपेक्षा काही शेकड्यांची होती, प्रत्यक्षात ३,००० हून अधिक लोक आले. प्रसारण थांबले तरी प्रेक्षकवर्ग टिकून राहतो, ही गोष्ट निर्मात्यांना प्रथमच एवढ्या ठळकपणे दिसली. पुढे 'गेम ऑफ थ्रोन्स' (२०११–२०१९) या अद्भुतरम्य मालिकेसाठी २०१७ साली अमेरिकेतील नॅशव्हिल येथे स्वतंत्र संमेलन झाले.

भारतात एकाच मालिकेला वाहिलेल्या संमेलनांपेक्षा चित्रकथा, चित्रपट, मालिका व खेळ या सर्वांना सामावून घेणारा 'कॉमिक कॉन' हा प्रकार रुजला. त्याचे पहिले आयोजन २०११ साली दिल्ली हाट येथे झाले. पुढे मुंबई, बंगळुरू, हैदराबाद, पुणे अशा महानगरांत तो पोहोचला. नागपूरच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने मुंबईचे संमेलन म्हणजे सुमारे ८४० किलोमीटरचा रेल्वेप्रवास, प्रवेशशुल्क आणि निवासाचा खर्च. हा खर्च करूनही तेथे जावेसे का वाटते, हे समजण्यासाठी तेथील व्यवहार पाहिला पाहिजे.

संमेलनातील व्यवहार

चाहता-संमेलनाचा कार्यक्रम ढोबळमानाने चार भागांत विभागता येतो. पहिला भाग म्हणजे कलावंत व लेखकांशी प्रकट मुलाखत व प्रश्नोत्तरे. दुसरा, स्वाक्षरी व छायाचित्रे. मोठ्या संमेलनांत त्यासाठी बहुधा वेगळे शुल्क असते. तिसरा, विक्रीची दालने; येथे अधिकृत वस्तूंबरोबरच नवोदित चित्रकारांची स्वतःची चित्रे व पुस्तिकाही मिळतात. चौथा, वेशभूषा.

यांतील वेशभूषेचा भाग अभ्यासकाने बारकाईने पाहावा असा आहे. एखाद्या पात्राचे चिलखत तयार करणाऱ्यास फोमची पत्री कापणे, उष्णतेने वाकवणे, रंगाचे थर देऊन धातूचा भास निर्माण करणे, शिवणकाम, केशरचना व रंगभूषा एवढी कौशल्ये आत्मसात करावी लागतात. त्याहीपूर्वी पात्र समजून घ्यावे लागते. कोणत्या प्रसंगातील वेश, त्या वेळी पात्राची मनःस्थिती कोणती, जखम कोणत्या बाजूस, या प्रश्नांची उत्तरे मालिका पुन्हा पुन्हा पाहिल्याशिवाय मिळत नाहीत. साहित्याच्या वर्गात ज्याला संहितेचे सूक्ष्म वाचन म्हणतात, तेच हे आहे. अमेरिकन अभ्यासक हेन्री जेन्किन्स यांनी १९९२ सालच्या आपल्या ग्रंथात चाहत्यांना निष्क्रिय ग्राहक न मानता संहितेवर नवी रचना करणारे वाचक मानले, त्याचे कारणही हेच होय.

शिवाय मालिका घरात, बहुधा एकट्याने पाहिली जाते. तिच्यावर बोलण्यास घरात कोणी नसते. संमेलनात अनोळखी माणूस केवळ वेशावरून पात्राचे नाव घेऊन हाक मारतो, आणि एकट्याची आवड सामाजिक होते. प्रवासाचा खर्च मुख्यतः या ओळखीसाठी केला जातो.

नागपूरची परंपरा

कथेतील पात्र अंगावर घेऊन किंवा हाताने घडवून रस्त्यावर आणणे ही कृती नागपूरकरांच्या अंगवळणी पडलेली आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शहरात काळी व पिवळी मारबत यांची मिरवणूक निघते. एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेल्या या प्रथेत मारबतींच्या सोबत बडगे असतात. महागाई, भ्रष्टाचार, रोगराई, राजकारणातील ताजे प्रकरण अशा विषयांवर दरवर्षी नवे बडगे तयार होतात. कागद, बांबू, कापड यांतून वस्तीतील लोकच ते उभारतात. रामनवमीला पोद्दारेश्वर राममंदिरातून निघणाऱ्या शोभायात्रेत चित्ररथांवर जिवंत देखावे असतात. शेजारच्या घरातील मुलगा त्या दिवशी लक्ष्मण असतो आणि लोक त्याला हात जोडतात. विदर्भाच्या पूर्वेकडील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत दिवाळीनंतर झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम सुरू होतो. मंडईच्या निमित्ताने पाहुणे गावात जमतात आणि रात्रभर नाटक पाहतात.

या सर्व ठिकाणी प्रेक्षक व सहभागी यांतील रेषा पुसट आहे. या अर्थाने मुंबईच्या संमेलनाला पुठ्ठ्याची तलवार घेऊन जाणारा नागपूरचा विद्यार्थी काही परकीय करीत नाही. त्याने बडगा पाहिलेला असतो. बांबूच्या सांगाड्यावर कागद कसा चढतो हे त्याला ठाऊक असते.

मूलभूत भेद : कथा कोणाची?

साम्य येथे संपते. मारबतीवर कोणाचा स्वामित्वहक्क नाही. बडग्याचा विषय बदलण्यास कोणाची परवानगी लागत नाही. रामकथा सांगण्याचा अधिकार कोणत्याही एका संस्थेकडे नाही. १९८७–८८ मध्ये दूरदर्शनवर 'रामायण' प्रसारित झाले तेव्हा लोक संचाला हार घालत. पण त्यांची श्रद्धा मालिकेच्या आधीची होती आणि मालिका संपल्यावरही कथा त्यांचीच राहिली. अद्भुतरम्य मालिकेचे विश्व मात्र एका कंपनीची मालमत्ता असते. चाहता त्यात कितीही रमला तरी तो तेथे पाहुणाच असतो.

हा भेद एरवी जाणवत नाही. वाद निर्माण झाला की तो उघड होतो. 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांनी वर्गणीतून दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी करून स्वतःचा चित्रपट करावयास घेतला, तेव्हा डिसेंबर २०१५ मध्ये हक्कधारक कंपन्यांनी न्यायालयात धाव घेतली. पुढे २०१६ साली त्यांनी चाहत्यांच्या चित्रपटांसाठी नियम जाहीर केले : एका कथेसाठी १५ मिनिटे, दोन भाग असल्यास ३० मिनिटे आणि वर्गणी जास्तीत जास्त ५०,००० डॉलर. 'गेम ऑफ थ्रोन्स'चा शेवट न पटल्याने २०१९ साली तो पुन्हा चित्रित करावा अशा मागणीवर १५ लाखांहून अधिक प्रेक्षकांनी स्वाक्षऱ्या केल्या. शेवट बदलला नाही.

भारतातील उदाहरण अधिक बोलके आहे. २००७ साली कोलकात्याच्या सॉल्ट लेक भागातील एका दुर्गापूजा मंडळाने 'हॅरी पॉटर'मधील हॉगवर्ट्स विद्यालयाच्या रूपाचा मंडप उभारला. लेखिका जे. के. रोलिंग व वॉर्नर ब्रदर्स यांनी दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला. मंडळाचा हेतू नफ्याचा नसल्याने न्यायालयाने त्या वर्षीचा मंडप उभा राहू दिला. पुढे मात्र परवानगीशिवाय असा वापर करता येणार नाही, हेही स्पष्ट झाले. उत्सवाची परंपरा व मालमत्तेची व्यवस्था यांची ही समोरासमोरची भेट होती. असा प्रसंग उद्या नागपूरच्या गणेशोत्सवातही उद्भवू शकतो.

याउलट 'चंद्रकांता'चे उदाहरण घ्यावे. देवकीनंदन खत्री यांची ही कादंबरी एकोणिसाव्या शतकातील. लेखकाचे निधन १९१३ साली झाले. कादंबरीवरील हक्काची मुदत संपलेली असल्याने अय्यार, तिलिस्म व विजयगढ-नौगढ यांचे विश्व सर्वांना खुले आहे. १९९० च्या दशकात दूरदर्शनवर गाजलेल्या मालिकेचे संगीत, संवाद व दृश्यरचना मात्र खुली नाही. एकाच कथेचा एक थर लोकांचा आणि दुसरा निर्मात्याचा, अशी ही स्थिती आहे.

महाविद्यालयापुढील प्रश्न

भारतीय स्वामित्वहक्क कायदा, १९५७ लेखकाच्या हयातीत व त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत साहित्यकृतीला संरक्षण देतो. कल्पनेवर हक्क नसतो, तिच्या अभिव्यक्तीवर असतो, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७८ सालच्या आर. जी. आनंद प्रकरणात मांडले. उडणारा ड्रॅगन कोणाच्याही मालकीचा नाही. विशिष्ट मालिकेतील विशिष्ट ड्रॅगन, त्याचे नाव व रूप यांचा प्रश्न वेगळा.

याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिक्षणसंस्थांना उपयुक्त सवलत आहे. संस्थेच्या उपक्रमाचा भाग म्हणून शिक्षक व विद्यार्थ्यांनी केलेले साहित्य, नाट्य वा संगीतकृतीचे सादरीकरण हक्कभंग ठरत नाही, मात्र प्रेक्षक हे शिक्षक, विद्यार्थी, पालक व संस्थेशी संबंधित व्यक्ती यांपुरते मर्यादित हवेत. हौशी मंडळाने विनाशुल्क प्रेक्षकांपुढे केलेल्या सादरीकरणासही अशीच सवलत आहे. तिकीट लावले, प्रायोजक घेतले, पात्राचे चित्र असलेले शर्ट विकले की चित्र बदलते. स्नेहसंमेलनाच्या आयोजकांना ही मर्यादा आधीच माहीत असणे हिताचे आहे.

कायद्याइतकाच शैक्षणिक प्रश्न महत्त्वाचा आहे. विद्यार्थ्याची कल्पकता जर केवळ भाड्याच्या विश्वात वाढत असेल, तर तिचे फळ कोणाचे? वेशभूषेला नाक मुरडणे हे त्याचे उत्तर नव्हे. फोम कापण्याचे व पात्र वाचण्याचे जे कौशल्य विद्यार्थ्याने मिळवले आहे, तेच चंद्रकांता, बृहत्कथेची परंपरा किंवा झाडीबोलीतील लोककथा यांकडे वळवता येते. तेथे त्याने घडवलेले पात्र त्याचे राहील. ते तो बदलू शकेल, विकू शकेल, पुढच्या पिढीला देऊ शकेल. मराठी, इतिहास व ललितकला या विभागांना एकत्र येऊन करता येईल असा हा उपक्रम आहे.

समारोप

चाहता-संमेलन ही केवळ बाजारपेठ नाही आणि केवळ बालिश हौसही नाही. एकट्याने पाहिलेल्या कथेला सामाजिक रूप देण्याची ती आधुनिक रीत आहे. नागपूरने ही रीत मारबत, शोभायात्रा व मंडईच्या रूपाने पूर्वीपासून जपली आहे. फरक एवढाच की बडगा उभारणाऱ्या वस्तीला पुढल्या वर्षी काय घडवायचे हे कोणाला विचारावे लागत नाही. चाहत्याला विचारावे लागते. स्नेहसंमेलनाच्या मंचावर पुठ्ठ्याचे चिलखत घालून उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्याचे प्रथम कौतुक व्हावे आणि त्यानंतर त्याच्याशी या फरकाविषयी बोलले जावे, एवढी अपेक्षा अध्यापकवर्गाकडून ठेवणे वावगे ठरणार नाही.