लॅपटॉपची ओळख

मुलांनो, इंग्रजीत 'लॅप' म्हणजे मांडी. मांडीवर ठेवून ज्यावर काम करता येते, तो लॅपटॉप. नाव असे असले, तरी त्याची खरी जागा टेबलावरच आहे. ती का, हे पुढे येईलच.

संगणक आधी फार अवाढव्य होते. 1946 साली अमेरिकेत जगापुढे आलेल्या एनिॲक या संगणकाचे वजन सुमारे 27 टन होते. त्याला एक मोठे दालन लागे. पुढे 1981 साली ऑस्बर्न 1 नावाचा, उचलून नेता येईल असा संगणक विक्रीस आला. वजन सुमारे 11 किलो! म्हणजे तांदळाची दहा किलोची पिशवी आणि वर एक किलो साखर. त्याचा पडदा 5 इंचांचा होता आणि त्यात बॅटरी नव्हती. जेथे जाल, तेथे आधी विजेचे बटण शोधा! पुढच्याच वर्षी, 1982 मध्ये, ग्रिड कंपास हा संगणक आला. वापरून झाले, की त्याचा पडदा कळफलकावर झाकणासारखा मिटत असे. ही रचना बिल मॉग्रिज या इंग्रज रचनाकाराची. तो संगणक अमेरिकेच्या अंतराळयानातूनही जाऊन आला. आज तुमच्यासमोर असलेला लॅपटॉप त्याच घराण्यातला आहे.

लॅपटॉप बंद पडला, की आपण तो दुकानात नेतो. दुकानदार म्हणतो, "मदरबोर्ड गेला." आपण मान हलवतो. मदरबोर्ड म्हणजे काय, तो खरोखर गेला आहे का, की नुसती वायर तुटली आहे, हे आपल्याला विचारता येत नाही. मग पाचशे रुपयांच्या कामाला पाच हजार मोजावे लागतात, किंवा चांगला लॅपटॉप भंगारात जातो. खरे तर लॅपटॉप ही एक वस्तू नाहीच. अनेक वस्तूंची ती बांधलेली मोट आहे. एक बिघडली म्हणून सगळ्या बिघडत नाहीत. या हाताला लागणाऱ्या भागांना हार्डवेअर म्हणतात आणि त्यांना कामाला लावणाऱ्या सूचनांना सॉफ्टवेअर. आपण येथे हार्डवेअरची ओळख करून घेऊ.

आतले तीन मुख्य भाग समजण्यासाठी एखाद्या शिंप्याचे दुकान डोळ्यांपुढे आणा. दुकानात शिंपी आहे, कापड कापायचे टेबल आहे आणि भिंतीला एक कपाट आहे. शिंपी कपाटातून कापड काढतो, टेबलावर पसरतो, कापतो, शिवतो आणि तयार कपडा पुन्हा कपाटात ठेवतो. लॅपटॉपमध्ये शिंपी म्हणजे प्रोसेसर, टेबल म्हणजे रॅम आणि कपाट म्हणजे साठवण. साठवणीसाठी जुन्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क असते, नव्यांत बहुधा एसएसडी. हे सर्व ज्या पातळ पाटीवर बसवलेले किंवा जोडलेले असतात, ती पाटी म्हणजे मदरबोर्ड. दुकानाची जमीन म्हणा ना!

प्रोसेसरचा वेग गिगाहर्ट्झमध्ये सांगतात. 3 गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला 300 कोटी ठोके. आपले हृदय सेकंदाला साधारण एकदा ठोका देते, यावरून कल्पना करा. पण शिंपी कितीही चपळ असला आणि टेबल मात्र हातभर असले, तर काय होईल? एक कापड उचलून ठेवल्याशिवाय दुसरे पसरता येणार नाही. लॅपटॉप फार हळू चालतो, अशी तक्रार लोक करतात, तेव्हा पुष्कळदा प्रोसेसर वाईट नसतो. रॅम अपुरी असते. 4 जीबी रॅमवर एकाच वेळी वीस खिडक्या उघडल्या, तर लॅपटॉप रडणारच. अशा वेळी आधी नको असलेल्या खिडक्या बंद कराव्यात. बऱ्याच लॅपटॉपमध्ये रॅम वाढवताही येते. काहींत मात्र ती मदरबोर्डवरच पक्की डकवलेली असते. विकत घेण्याआधी हे अवश्य विचारावे.

टेबल आणि कपाट यांतला आणखी एक फरक फार महत्त्वाचा आहे. रात्री दुकान बंद करताना शिंप्याचा पोऱ्या टेबल झाडून मोकळे करतो. रॅमचेही तसेच आहे. वीज गेली, की तिच्यातले सारे पुसले जाते. इंग्रजीत तिला मेमरी म्हणतात, मराठीत स्मृती आणि उर्दूत याददाश्त. पण ही याददाश्त वीज असेपर्यंतचीच! तुम्ही निबंध टाइप करीत आहात, चार पाने झाली आहेत, पडद्यावर ती दिसतही आहेत. ती अजून टेबलावर आहेत, कपाटात गेलेली नाहीत. 'सेव्ह' केल्यावरच ती कपाटात जातात. त्यासाठी कंट्रोल आणि एस या कळा एकत्र दाबायच्या. काही सॉफ्टवेअर हे काम आपोआप करतात. परंतु शाळेच्या लॅपटॉपवर, जेथे एकामागून एक तिघे-चौघे बसतात, तेथे आपण स्वतः दर परिच्छेदानंतर कळा दाबलेल्या बऱ्या.

हार्ड डिस्कमध्ये एक तबकडी गरगर फिरत असते. लॅपटॉपमध्ये ती बहुधा मिनिटाला 5400 फेरे घेते. तिच्या अगदी जवळून, केसाच्या जाडीपेक्षाही कमी अंतरावरून, एक बारीक टोक मजकूर वाचत व लिहीत असते. म्हणूनच चालू लॅपटॉप आदळला, तर तबकडीवर ओरखडा उठतो आणि वर्षावर्षाचे काम जाते. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते. ती जलदही असते आणि धक्काही जास्त सोसते. जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, की तो पुन्हा तरतरीत होतो. माझ्या मते जुन्या यंत्रावर खर्च करायचा असेल, तर तो सर्वांत आधी येथे करावा.

येथेच एक शंका दूर करू. 512 जीबीची एसएसडी घेतली आणि लॅपटॉपवर पाहिले, तर विंडोज 476 जीबी दाखवते. दुकानदाराने फसवले का? नाही. बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज 1024 च्या पटीत. शेर आणि किलो यांत फरक होता ना, तसेच हे.

आता वरचे भाग पाहू. पडदा असंख्य ठिपक्यांचा बनलेला असतो. 1920 गुणिले 1080 असे लिहिलेले असेल, तर गुणाकार करून पाहा : 20,73,600 ठिपके! प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा व निळा असे तीन भाग असतात. त्यांच्या कमीअधिक उजेडातून सर्व रंग तयार होतात. पांढऱ्या पडद्यावर भिंग धरले, तर ते दिसतातही. पडदा काचेसारखा नाजूक समजावा. कळफलकावर पेन किंवा पेन्सिल राहिली आणि वरून झाकण दाबले, की पडद्याला तडा गेलाच. झाकण एका कोपऱ्याने ओढून उघडू नये. त्याने बिजागरी निखळते. घरी तुम्ही बिजागरीला कब्जा म्हणता, तोच हा.

कळफलकाविषयी मुले नेहमी एक प्रश्न विचारतात : उर्दूचा लॅपटॉप वेगळा मिळतो का? वेगळा लागतच नाही. कळ दाबली, की आत अक्षर जात नाही. अमुक जागेची कळ दाबली, एवढा एक आकडा जातो. त्या आकड्याचे अक्षर करणे हे सॉफ्टवेअरचे काम. म्हणून 'के' छापलेली कळ दाबली, तर इंग्रजी निवडलेले असताना इंग्रजी के उमटतो. मराठीची इनस्क्रिप्ट मांडणी निवडली, तर त्याच कळीने 'क' उमटतो आणि शिफ्टसह दाबली तर 'ख'. उर्दूची उच्चारानुसार केलेली मांडणी निवडली, तर तीच कळ काफ देते आणि ओळ उजवीकडून सुरू होते. कळीवर छापलेले अक्षर ही नुसती खूण आहे. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला असतात. गुजराती व बंगालीचेही तसेच आहे. 'क' त्याच जागी सापडतो.

उर्दूची अडचण कळांची नव्हती, अक्षरांच्या वळणाची होती. नस्तालीक लिपीत शब्द वरून खाली तिरका उतरत येतो, अक्षर शेजाऱ्याप्रमाणे रूप बदलते. त्यामुळे उर्दू वर्तमानपत्रे कातिब हाताने लिहीत. 1981 साली मिर्झा अहमद जमील यांच्या नूरी नस्तालीकने हे वळण संगणकावर आणले. आज तुमच्या शाळेची उर्दू प्रश्नपत्रिका साध्या लॅपटॉपवर तयार होऊ शकते, ती त्यामुळे.

इंग्रजी अक्षरांची उलटीसुलटी वाटणारी मांडणी 1870 च्या दशकातल्या टंकलेखन यंत्रांवरून आली आहे. 'एफ' आणि 'जे' या कळांवरून बोट फिरवून पाहा. तेथे एक बारीक उंचवटा लागेल. न पाहता दोन्ही हातांच्या तर्जन्या जागेवर याव्यात, म्हणून तो ठेवलेला असतो. कळफलकाखालची गुळगुळीत पाटी म्हणजे टचपॅड. बोटामुळे तिच्यावरील विद्युतभारात होणारा बदल ती ओळखते. म्हणून साध्या पेन्सिलीने ती हलत नाही. कडेच्या खाचा पेनड्राइव्ह, माउस, टीव्ही वगैरे जोडण्यासाठी असतात. पिन जाईना, तर उलटी करून पाहावी. जोर लावू नये.

लॅपटॉप टेबलावरच का ठेवायचा, ते आता सांगतो. प्रोसेसर काम करताना तापतो. त्याला गार ठेवण्यासाठी आत लहान पंखा असतो. तो बहुधा खालच्या फटींतून हवा ओढतो आणि बाजूने किंवा मागून गरम हवा सोडतो. गादीवर किंवा रजईवर ठेवला, की फटी बुजतात. मग प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो आणि तरीही उष्णता वाढली, तर लॅपटॉप एकाएकी बंद पडतो. काही वर्षांत फटींमध्ये धूळ साठते. ती जाणकाराकडून साफ करून घ्यावी. काही लॅपटॉपना पंखा नसतोच, पण उष्णता त्यांनाही बाहेर टाकावी लागते.

उष्णतेने सर्वांत जास्त नुकसान होते बॅटरीचे. लॅपटॉपची बॅटरी लिथियम-आयन जातीची असते. ती 1991 साली बाजारात आली. तिच्या शोधासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना 2019 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गुडइनफ तेव्हा 97 वर्षांचे होते. तोपर्यंत इतक्या वयात नोबेल कोणालाच मिळाले नव्हते. बॅटरीवर वॉट-तास लिहिलेले असतात. 45 वॉट-तासांची बॅटरी आणि लॅपटॉपचा खर्च 10 वॉट, तर ती सुमारे साडेचार तास पुरेल. पडद्याचा उजेड कमी केला, की खर्च कमी होतो. बॅटरी पूर्ण संपवून मगच चार्ज करावी, हा जुना समज या जातीला लागू नाही. अधूनमधून थोडी थोडी चार्ज केलेली चालते. वर्षे जातील, तशी तिची धारणा कमी होत जाते, त्याला इलाज नाही. मात्र बॅटरी फुगलेली दिसली, टचपॅड वर उचलला गेला, तर लॅपटॉप लगेच बंद करावा. ती दाबू नये, टोचू नये. तिला आग लागू शकते.

चार्जरचा चौकोनी ठोकळा घरातली 230 व्होल्टची वीज घेऊन लॅपटॉपला लागणारी कमी दाबाची वीज देतो. तो किती व्होल्ट देतो, ते त्याच्यावर छापलेले असते. पिन बसली, म्हणून दुसऱ्याचा कोणताही चार्जर लावू नये. व्होल्ट जुळले पाहिजेत आणि अँपिअर तितके किंवा अधिक असले पाहिजेत.

चहा किंवा पाणी सांडले, तर क्षणाचाही विचार न करता लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, उघडा लॅपटॉप तंबूसारखा पालथा ठेवा. चालू होतो का, हे बघण्याचा मोह आवरा. ओलाव्यापेक्षा ओलाव्यात वाहणारी वीज जास्त घात करते.

आता दुकानदाराकडे वळू. लॅपटॉप चालू होत नाही, तर आधी चार्जर लावून दिवा लागतो का ते पाहावे. लागला नाही, तर भिंतीतले बटण, मग वायर, मग तशाच व्होल्टचा दुसरा चार्जर तपासावा. बहुतेकदा दोष येथेच सापडतो. दिवा लागतो, पंख्याचा आवाज येतो, पण पडदा काळा आहे, तर लॅपटॉप वायरने टीव्हीला जोडून पाहावा. टीव्हीवर चित्र आले, तर शिंपी, टेबल, कपाट सगळे ठीक आहे. फक्त पडदा किंवा त्याची वायर गेली आहे. चार्जर काढताच बंद पडत असेल, तर दोष बहुधा बॅटरीचा.

आणि समजा, मदरबोर्ड खरोखरच गेला. तरी घाबरून लॅपटॉप भंगारवाल्याला देऊ नका. हार्ड डिस्क किंवा एसएसडी वेगळी निघणारी असेल, तर ती काढून घ्या. थोड्या किमतीच्या डबीत बसवून दुसऱ्या लॅपटॉपला जोडली, की तुमचे निबंध, घरातल्या लग्नाची छायाचित्रे, अब्बांच्या दुकानाचा हिशेब, सगळे बहुतेक वेळा जागच्या जागी सापडते.