फळ, मसाला आणि दगडफूल

आंब्याच्या मुरांब्यांत लवंग व वेलदोडा घालतांना आपल्या घरांत कोणालाही तें विचित्र वाटत नाहीं. फळ व मसाला यांची सोयरीक जिभेला पिढ्यान्‌पिढ्या मान्य आहे. परंतु हीच जोडी अत्तराच्या कुपींत बसविली आहे असें कोणी सांगितलें, तर नाक प्रथम मुरडतें. आमचेंही तसेंच झालें. गुलाब, मोगरा, वाळा आणि हिना यांपलीकडे आमची धांव नव्हती. म्हणून फ्रान्सहून सुटीवर आलेल्या पुतण्यानें 'मित्सुको' नांवाची कुपी बैठकींत ठेवली व "यांत पीच आहे आणि दालचिनीही आहे" असें सांगितलें, तेव्हां कौतुकापेक्षां संशयच अधिक वाटला.

कुपीचा इतिहास मात्र मोठा आहे. पॅरिस येथें १८२८ सालीं स्थापन झालेल्या गेर्लां या पेढीचे झाक गेर्लां यांनीं हा सुगंध १९१९ सालीं सिद्ध केला. नांव जपानी असून तें क्लोद फारेर यांच्या १९०९ सालच्या 'ला बाताय' या फ्रेंच कादंबरींतील नायिकेचें आहे. पीच या फळाची अडचण अशी कीं, गुलाबाप्रमाणें भट्टी लावून त्याचा अर्क काढतां येत नाहीं. फळ शिजतें आणि वास हरवतो. ही उणीव रसायनशास्त्रानें भरून काढली. गॅमा-अन्डेकॅलॅक्टोन नांवाच्या द्रव्यास पिकल्या पीचसारखा सायीदार वास येतो. व्यापारांत त्याला 'आल्डिहाइड सी-१४' म्हणतात. वस्तुतः तें आल्डिहाइड नव्हे, आणि त्याच्या रेणूंत कार्बनचे अणु चौदा नसून अकरा आहेत!

परीक्षा घ्यावयाची ती रीतसर घ्यावी, असें ठरलें. मनगटावर एकच थेंब, तोही न चोळतां. सकाळीं नऊ वाजतां प्रथम बर्गमोट या इटलींतील लिंबाच्या जातीच्या फळाचा तरतरीत वास आला. त्याच्या मागोमाग पीच आलें. मुलें म्हणालीं, "जाम!" आम्हीं म्हटलें, "औषधाची बाटली." तासाभरानें गोडी ओसरून दालचिनीची ऊब जाणवूं लागली. हलके कण आधीं उडून जातात व जड कण त्वचेला धरून राहतात. त्यामुळें असा सुगंध एकदम कळत नाहीं, त्याला दिवस द्यावा लागतो. दुपारीं तर निराळाच कोरडा, मातकट वास उरला. तो ओळखीचा होता खास; पण त्याचें नांव कोणाला सांगतां येईना.

आमच्या वडील भावजय, ज्यांना सारें घर काकू म्हणतें, दाराशीं तांदूळ निवडीत बसल्या होत्या. धाकटी सून त्यांच्यापुढचें सूप उचलूं लागली, तोंच त्या म्हणाल्या, "अगो, तुझ्या हाताला दगडफुलाचा वास कसा? आज तर मसाला भाजला नाहीं."

सर्वजण हंसले. पुतण्या मात्र हंसला नाहीं. या सुगंधाचा पाया ओकमॉस आहे, आणि तें ओक वृक्षाच्या सालीवर वाढणारें दगडफूलच होय, असें त्यानें सांगितलें. आपल्या गोड्या मसाल्यांतील दगडफूल व तें एकाच कुळांतील आहेत. बुरशी व शैवल यांनीं एकत्र संसार थाटावा, तेव्हां असा जीव सिद्ध होतो. ओकमॉसमधील दोन द्रव्यांनीं कित्येकांच्या त्वचेस खाज व पुरळ येतो, म्हणून युरोपीय संघानें २०१७ सालीं त्यांवर बंदीचा नियम केला. त्या नियमामुळें तीं द्रव्यें काढून टाकलेला अर्क वापरावा लागतो; आजची कुपी म्हणजे हुबेहूब १९१९ ची नव्हे. ज्यांची त्वचा नाजूक आहे, त्यांनीं तरीही जपूनच लावावें.

हें सर्व ऐकत असतां एक गोष्ट आमच्या मनाला लागली. सकाळपासून कुपी घरभर फिरली होती. सात वर्षांच्या नातीनेंही हात पुढें केला होता. काकूंपुढें मात्र ती कोणीं धरली नव्हती. आमचे बंधु १९९८ सालीं वारले. तेव्हांपासून प्रत्येक हळदीकुंकवास अत्तरदाणी काकूंच्या समोरून पुढें जात आली. लावूं नका, असें त्यांना कोणीं म्हटलें नव्हतें; पण लावा, असेंही कोणीं म्हटलें नव्हतें. घरांतले वडीलधारे म्हणवून घेणाऱ्या आम्हांला तें कधीं दिसलेंच नाहीं!

सुनेनें कुपी आणली. "आतां या वयांत मला कशाला?" असें म्हणून काकूंनीं हात पदराखालीं घेतला. नात म्हणाली, "आजी, सगळ्यांनीं लावलंय. तूंच राहिलीस." काकूंनीं आमच्याकडे पाहिलें. "लावा, वहिनी," एवढेंच आम्ही बोलूं शकलों.

त्यांनीं एक थेंब लावून घेतला व पुन्हां तांदूळ निवडावयास घेतले. दिवेलागणीस देवापुढें निरांजन लावून झाल्यावर त्यांनीं मनगट नाकाशीं नेलेलें आम्हीं पाहिलें. "सकाळीं तुमच्या हातांचा वास फार गोडमिट्ट आला होता," त्या म्हणाल्या. "आतां बरा वाटतो."

आमच्या वाचकांनीं हें महागडें विलायती अत्तर विकत घ्यावें, असा आमचा मुळींच आग्रह नाहीं. घरांत असेल तें हिन्याचें अत्तर पुरे आहे. मात्र अत्तरदाणी फिरवितांना आपला हात कोणासमोरून न थांबतां पुढें जातो, तेवढें एकदां पाहावें. आमच्या घरीं चैत्रांतील हळदीकुंकू जवळ आलें आहे, आणि अत्तर लावण्याचें काम या वेळीं आम्हीं काकूंकडेच दिलें आहे.