खेळण्यातले घोडे आणि पांढरकवड्याची लढाई

१७ एप्रिल १८१८ रोजी आपल्या जिल्ह्यात, पांढरकवड्याजवळ शिवणी येथे कर्नल अॅडम्सने दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेचा पराभव केला. ही लढाई मी प्लास्टिकच्या घोडेस्वारांनी मांडतो. आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच. घरच्यांना इतिहास सांगण्यापेक्षा मांडून दाखवणे सोपे जाते.

बाजारातले घोडे बहुधा विलायती बांध्याचे असतात. मराठ्यांचे भीमथडी तट्टू लहान पण काटक. म्हणून शिपाई शेजारी उभा करून पाहावा. घोड्याची पाठ त्याच्या छातीपर्यंतच आली तर तो घ्यावा. रंगवण्यापूर्वी साबणाने धुवावा, नाहीतर रंगाचे पोपडे निघतात. टोपी कापून फेव्हिकॉलात भिजवलेला दोरा गुंडाळला की पागोटे होते. भाल्याला खराट्याची काडी पुरते. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई, तेव्हा मराठा स्वारांना एकच रंग देऊ नये. कंपनीच्या स्वारांना मात्र एकसारखी वर्दी द्यावी.

चेहरे रंगवताना विशेष जपावे. कंपनीच्या रिसाल्यातले साधे स्वारही हिंदीच होते. त्यामुळे दोन्ही बाजूंना सावळा रंगच जास्त लागतो. मांडणी पाहून वडिलांनी विचारले, "मग यात इंग्रज कुठं हायेत?" या प्रश्नासाठी तरी विद्यार्थीमित्रांनी हा खेळ एकदा मांडून पाहावा.