प्रसाधनांतील नॅनोकण : प्रश्न प्रवेशमार्गाचा

सनस्क्रीनमधील नॅनोकण रक्तात उतरतात काय, असा प्रश्न रुग्ण आता वैद्यांनाही विचारू लागले आहेत. त्याचे उत्तर एका शब्दात देणे शास्त्राला धरून होणार नाही, असे आम्हांस वाटते.

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जांश. १ ते १०० नॅनोमीटर आकाराच्या कणांस सामान्यतः नॅनोकण म्हणतात. टिटॅनियम डायऑक्साइड व झिंक ऑक्साइड ही द्रव्ये अतिनील किरणांस अडवितात. त्यांचे कण मोठे असल्यास त्वचेवर पांढरा थर दिसतो. सूक्ष्म केल्यास तो दिसत नाही. म्हणूनच प्रसाधनांत ते सूक्ष्म स्वरूपात योजले जातात.

अक्षत त्वचेवर हे कण बहुतांशी बाह्यतम मृत पेशींच्या थरातच राहतात. श्वासमार्गाची गोष्ट वेगळी आहे. उंदरांवरील श्वसनप्रयोगांच्या आधारे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००६ मध्ये टिटॅनियम डायऑक्साइड 'मानवात संभाव्य कर्करोगकारक' या गटात ठेवले. युरोपीय संघाने २०१६ मध्ये या दोन्ही द्रव्यांचे नॅनोरूप सनस्क्रीनमध्ये २५ टक्क्यांपर्यंत मान्य केले. मात्र फुप्फुसात जाऊ शकेल अशा फवाऱ्यांतील वापर वगळला. मुखमार्गाविषयीच्या शंकेमुळे टिटॅनियम डायऑक्साइडचा अन्नातील वापर तेथे २०२२ मध्ये थांबविण्यात आला. द्रव्य तेच, पण मार्ग बदलताच निर्णय बदलतो.

हा विषय आपल्या रसशाळेपर्यंतही येतो. यशदभस्म हे मुख्यत्वे झिंक ऑक्साइडच होय. वारितर व रेखापूर्ण या परीक्षा भस्माच्या सूक्ष्मतेच्याच आहेत. 'भस्म म्हणजे आमचे नॅनोतंत्र' असे अभिमानाने सांगावयाचे आणि प्रसाधनातील त्याच द्रव्यास केवळ नॅनो म्हणून विष ठरवावयाचे, ही विसंगती आपणांस शोभणारी नाही. तसेच प्राचीनत्व हा सुरक्षिततेचा पुरेसा पुरावा नव्हे. मात्रा, अनुपान व मार्ग यांचा विचार दोहोंकडे सारखाच हवा.

म्हणून वैद्यांनी रुग्णांस सांगावे : मलम चालेल, परंतु जखम किंवा सोललेल्या त्वचेवर लावू नये, फवारा चेहऱ्यावर मारू नये, चूर्णरूप प्रसाधने बालकांच्या श्वासाजवळ उडवू नयेत. औषधनिर्मात्यांनी 'नॅनो' हा शब्द केवळ जाहिरातीसाठी वेष्टनावर छापू नये. आणि खलात भस्म घोटणाऱ्या, चाळणाऱ्या कामगारास नाकातोंडावर योग्य मुखपट्टी व धूळ ओढून घेणारी व्यवस्था अवश्य द्यावी. ग्राहक मलम क्षणभर लावतो. तो कामगार मात्र ती धूळ दिवसभर श्वासावाटे घेत असतो.