इंग्रजी बोलता येते, मग अहवाल का अडतो?

निगडीच्या पिंपरी-चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमध्ये 2021-22 साली संगणक अभियांत्रिकीचा मराठी वर्ग सुरू झाला तेव्हा उठलेला माध्यमाचा वाद, त्या अभ्यासक्रमाचा चार वर्षांचा पहिला फेरा 2025 मध्ये पुरा होताच पुन्हा रंगला. मराठीतून शिकलेल्यांना कंपन्या घेतील का आणि घेतल्यास तेथे त्यांना इंग्रजी झेपेल का, या दोन प्रश्नांभोवतीच बहुतेक चर्चा फिरत राहिली. मात्र व्याख्या बांधणे, कारण आणि परिणाम यांची सांगड घालणे, पुरावा तोलणे, दुसऱ्याचे मत खोडताना ते आधी नीट मांडणे यांसाठी लागणारी ज्ञानव्यवहाराची भाषा कोणाच्याही घरी बोलली जात नाही आणि ती मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याइतकीच इंग्रजी माध्यमाच्या विद्यार्थ्यालाही शिकावी लागते, ही गोष्ट त्या चर्चेत जवळजवळ आलीच नाही.

या बाबतीत कॅनडातील शिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांचे काम पिंपरी-चिंचवडच्या प्रत्येक प्राध्यापकाने वाचावे इतके उपयोगी आहे. कमिन्स यांनी 1979 मध्ये भाषिक क्षमतेचे दोन प्रकार वेगळे केले. समोरच्याचा चेहरा, हावभाव आणि प्रसंग यांच्या आधाराने चालणारे रोजचे संभाषण हा एक, तर असा कोणताही आधार नसताना केवळ शब्दांच्या बळावर अमूर्त विचार समजून घेण्याची आणि मांडण्याची शैक्षणिक भाषाक्षमता हा दुसरा. स्थलांतरित कुटुंबांतील मुले नव्या देशाच्या भाषेत साधारण दोन वर्षांत सहज बोलू लागतात, परंतु अभ्यासाच्या भाषेत वर्गातील इतरांच्या बरोबरीला यायला त्यांना पाच ते सात वर्षे लागतात, असे त्यांनी दाखवून दिले. बोलण्यातील सफाई पाहून शिक्षक मुलाला भाषा आली असे धरून चालतात आणि पुढे ते परीक्षेत मागे पडले की दोष त्याच्या बुद्धीला देतात, हा त्यांचा इशारा होता.

निगडी, आकुर्डी, पिंपरीच्या महाविद्यालयांत हीच चूक दोन्ही दिशांनी होते. प्राधिकरणातील इंग्रजी शाळेतून आलेली विद्यार्थिनी गटचर्चेत आणि ओरलमध्ये छाप पाडते, पण प्रयोगाचा निष्कर्ष स्वतःच्या शब्दांत लिहिण्याची वेळ आली की गेल्या वर्षीच्या जर्नलमधून तो उतरवून काढते. बीड किंवा वाशिमच्या जिल्हा परिषद शाळेतून आलेला विद्यार्थी सिद्धता बिनचूक मांडतो, पण ओरलला गप्प राहतो म्हणून कच्चा ठरतो. पहिलीला मदतीची गरज आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही आणि दुसऱ्याला भलतीच मदत मिळते.

कमिन्स यांचा दुसरा सिद्धांत मराठी वर्गाच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. माणसाच्या दोन भाषा पाण्यावर दिसणाऱ्या हिमनगाच्या दोन शिखरांसारख्या वेगळ्या भासल्या तरी पाण्याखाली त्यांचा पाया एकच असतो, त्यामुळे एका भाषेत कमावलेली तर्काची शिस्त दुसरीत नेता येते, असे त्यांचे म्हणणे. ते मान्य केल्यास मराठीतून नीट विचार करायला शिकलेला अभियंता इंग्रजीला पारखा होतो ही भीती फोल ठरते. अट एवढीच की मराठीतही ती शिस्त खरोखर शिकवली गेली पाहिजे. अकरावी-बारावीच्या विज्ञान शाखेत मराठीऐवजी माहिती तंत्रज्ञान हा विषय घेण्याची मुभा असल्याने अनेकांचे मराठी लेखन दहावीनंतरच थांबते. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने करवून घेतलेली भाषांतरित पाठ्यपुस्तके यांमुळे संज्ञांची सोय झाली आहे, पण संज्ञांना जोडून युक्तिवाद उभा करण्याचा सराव कोश देऊ शकत नाही.

चाकणच्या पट्ट्यात या सरावाची गरज रोजची आहे. भोसरीच्या लघुउद्योजकाने पुरवलेल्या सुट्या भागात दोष निघाला की मोटार कंपनी त्याच्याकडे ‘एट-डी’ अहवाल मागते, म्हणजे समस्येचे वर्णन, तात्पुरता उपाय, मूळ कारण, कायमचा उपाय, पुनरावृत्ती टाळण्याची तजवीज अशा आठ पायऱ्यांची लेखी मांडणी. लक्षण आणि कारण यांत गल्लत झाली तर तो अहवाल परत येतो. हे पूर्णपणे शास्त्रीय लेखन आहे आणि तरीही संभाषणकौशल्याच्या तासाला मुलाखतीची तयारी आणि देहबोली यांनाच अग्रक्रम मिळतो.

जर्मन, कोरियन आणि देशी कंपन्या शेजारी नांदणाऱ्या या भागात आंतरसांस्कृतिक संवादाचेही असेच सुलभीकरण झाले आहे. कोणत्या देशाच्या पाहुण्यापुढे कसे वागावे याची यादी पाठ करून ते कौशल्य येत नाही. ब्रिटिश अभ्यासक मायकेल बायरम यांनी 1997 मध्ये त्याची जी मांडणी केली तिच्या मुळाशी कुतूहल, परक्याच्या वागण्यावर निवाडा देण्याची घाई न करणे आणि स्वतःच्या रीतीकडे परक्याच्या नजरेने पाहणे या गोष्टी आहेत. येथील वर्गात शिक्षकांचे म्हणणे न खोडणे हा आदर समजला जातो, तर जर्मन विद्यापीठातील चर्चावर्गात तेच मौन तयारी नसल्याची खूण ठरू शकते. 2023-24 मध्ये जर्मनीत सुमारे 49 हजार भारतीय विद्यार्थी शिकत होते, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्राने बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्या निमित्ताने जर्मन भाषेच्या वर्गांची पुष्कळ चर्चा झाली, या दुसऱ्या तयारीची फारशी झाली नाही. तिची सुरुवात तर वसतिगृहातही होऊ शकते, कारण विदर्भ, खानदेश, बिहार येथून आलेली मुले एका मजल्यावर राहूनही प्रकल्पाचे गट मात्र आपापल्या भाषेचे करतात.

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्प अहवालात, म्हणजे विद्यार्थ्यांच्या ब्लॅकबुकमध्ये, हे सारे एकत्र येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार प्रबंधातील 10 टक्क्यांपर्यंतच्या साधर्म्याला दंड नाही; त्या आकड्याचा धाक पदवीच्या प्रकल्पांपर्यंत उतरला, पण आधार कसा नोंदवावा हे शिकवण्याची जबाबदारी कोणी घेतली नाही, त्यामुळे वाक्यातील शब्द बदलून टक्का खाली आणणे हेच कौशल्य मुलांनी आत्मसात केले. अहवालाचा पहिला खर्डा एप्रिलऐवजी दिवाळीपूर्वी, मराठी किंवा इंग्रजी कोणत्याही भाषेत मागवावा, तो दुसऱ्या शाखेच्या आणि शक्यतो दुसऱ्या प्रांतातील विद्यार्थ्याकडून वाचून घ्यावा आणि त्याच्या दुरुस्तीला गुण ठेवावेत. यासाठी पहिल्या वर्षानंतर वर्गातून दिसेनासा होणारा भाषेचा प्राध्यापक चारही वर्षे विषयाच्या प्राध्यापकाबरोबर प्रयोगशाळेत असावा लागेल, आणि त्या पदाचा खर्च महाविद्यालयांनी उचलायला हवा.